पेटीतला गुलाब आणि झाडावरचा गुलाब

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या प्रदर्शनात गाजलेला नवा गुलाब पुढे बागेत का टिकत नसे, असा प्रश्न पडतो. मला वाटतं, उत्तर फुलं मांडायच्या पेट्यांत आहे. परीक्षकांसमोर झाड यायचंच नाही. लाकडी पेटी, त्यात हिरवं शेवाळ, शेवाळात बसवलेल्या पाण्याच्या नळ्या आणि प्रत्येक नळीत एकच फूल. बघायचं ते फुलाचा आकार, पाकळ्यांची भर आणि मधला उंच गाभा. झाडाची प्रकृती कुणाला दिसणार?

नवे गुलाब तयार करणाऱ्या हेन्री बेनेट यांचा 'हर मॅजेस्टी' हा गुलाब घ्या. त्याला इंग्लंडच्या नॅशनल रोझ सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. फूल केवढं तरी मोठं, फिकट गुलाबी; पण सुगंध जवळजवळ नाही आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) फार लवकर धरायची. माझ्या कुंडीतल्या गुलाबावर दर थंडीत तीच पांढरी पावडर बसते, कोवळी पानं आखडतात, कळी उमलतच नाही. म्हणून ते पदक मला खटकतं.

बेनेट यांच्याबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. विल्टशरचा हा शेतकरी, गुरांच्या पैदाशीत करतात तसे आई-बाप ठरवून गुलाबांचा संकर करायचा. त्यांच्या 'लेडी मेरी फिट्झविल्यम'चं झाड किरकोळच, पण त्याच्या वंशात पुढे किती उत्तम गुलाब निघाले! फ्रान्समधल्या ल्योंच्या बागायतदारांनी १८८० मध्येच टी गुलाबांच्या अशा संकरांचा 'हायब्रिड टी' हा वेगळा वर्ग मान्य केला. इंग्लंडच्या सोसायटीने त्याला १८९३ उजाडवलं. बेनेट १८९० मध्येच गेले होते.