स्विचचं हार्डवेअर मॉनिटरिंग: अलार्मच्या मर्यादा कशा ठरवायच्या?

रॅकवाला:
३० ॲक्सेस स्विच (वापरणाऱ्यांची यंत्रं जोडायचे), २ कोअर (जिथे ते सगळे येऊन मिळतात), दोघांना जोडणारी अपलिंक १० गिगाबिट एलआर (लांब पल्ल्याचं फायबर). सगळ्यांना सरसकट एकच नियम आहे: तापमान ५० अंशांवर, सीपीयू ८० टक्क्यांवर किंवा पोर्टवर एकही एरर दिसली की मेल. मेल इतके येतात की आता कुणी उघडतच नाही. नवं धोरण आखायचंय. मर्यादा कशावरून ठरवता? आणि रात्री फोन कशासाठी करायचा?

थंड_हवा:
५० अंश, पण कुठल्या सेन्सरचे? हवा आत येते तिथे ५० म्हणजे आणीबाणी. चिपवर ५० काहीच नाही. बहुतेक स्विच प्रत्येक सेन्सरची मर्यादा स्वतःच सांगतात, तीच घ्या. मायनर (सौम्य) मर्यादेला तिकीट, म्हणजे दुरुस्तीची नोंद; क्रिटिकलला (गंभीर) फोन. सलग तीन रीडिंग वर गेल्याशिवाय अलार्म नको, आणि तो बंद व्हायची मर्यादा ३-४ अंश खाली ठेवा, नाहीतर काठावर चालू-बंद होत राहतो.

एका रॅकमधल्या सगळ्या स्विचची आत येणारी हवा एकदम तापली तर दोष एसीचा. एकच अलार्म पुरे. हवा थंड आणि एकाच स्विचची चिप तापतेय, तर पंखा किंवा धूळ बघा. पंख्याचा ट्रे बदलताना हवेची दिशा जुळवून घ्या, उलटा बसला तर गरम हवाच आत ओढतो.

फायबर_मामा:
एररचा नियम आधी काढा. १० गिगाबिट इथरनेटच्या मानकात १०^१२ बिटांमागे एक चूक चालते, म्हणजे भरलेल्या लिंकवर साधारण १०० सेकंदांना एक! काउंटरचा एकूण आकडा बघू नका, दोन पोलमधला (स्विचला आकडे विचारायच्या दोन वेळांमधला) फरक बघा आणि त्याचं पॅकेटांशी प्रमाण काढा. कट-थ्रू स्विच (फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, पूर्ण यायच्या आधीच पाठवायला लागणारा) खराब फ्रेम तशीच पुढे ढकलतो, त्यामुळे सीआरसी एरर (फ्रेम बिघडल्याची खूण) दिसणाऱ्या पोर्टची केबल निर्दोष असू शकते. उगमाकडे मागे जात राहा.

एलआरच्या रिसीव्हरवर येणाऱ्या प्रकाशाची खालची मर्यादा -१४.४ डीबीएम. तिथपर्यंत थांबू नका. बसवल्या दिवशीचं रीडिंग नोंदवा, त्यापेक्षा २ डीबी घसरलं की तिकीट. मॉड्यूल बदलण्याआधी कनेक्टर पुसा. मुद्दाम बंद ठेवलेली पोर्ट वगळा, ती -४० दाखवतात.

रॅकवाला:
आणि पॉवर सप्लाय?

थंड_हवा:
तिथे आकडा नको, स्थितीतला बदल पकडा. दोनपैकी एक गेला तरी ट्रॅफिक चालूच राहतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. स्टॅकची (एकत्र जोडून एकच म्हणून चालवलेल्या स्विचची) रिंग एका जागी तुटली तरी तसंच. ॲक्सेसला सकाळी तिकीट चालेल, कोअरला रात्रीच फोन. दोन्ही सप्लाय एकाच यूपीएसवर असतील तर मात्र यूपीएस गेल्यावर दुसरा असून नसल्यासारखाच.

पोलिंग_पांडू:
ट्रॅप (स्विच आपणहून पाठवतो ते इशारे) यूडीपीवर येतात, त्यात पोचल्याची खात्री नसते, वाटेत हरवतात. म्हणून पोलिंगही हवंच: स्थिती ६० सेकंदांनी, तापमान-प्रकाश ३०० सेकंदांनी. दर मिनिटाला मॅक टेबल (कुठलं यंत्र कुठल्या पोर्टवर याची यादी) ओढाल तर स्विचचा सीपीयू तुम्हीच तापवाल. ट्रॅफिकसाठी ६४-बिट काउंटर घ्या. ३२-बिटचा पूर्ण वेगाच्या १० गिगाबिटवर साडेतीन सेकंदांत फिरून शून्य होतो. कोअर पडला तर मागच्या तीस स्विचचे अलार्म दाबले जातील असं अवलंबन लावा.

रीबूटचा अलार्म नुसत्या sysUpTime-वर, म्हणजे सुरू झाल्यापासूनचा वेळ मोजणाऱ्या सिस-अपटाइमवर, ठेवू नका. तो शेकडांश सेकंद मोजतो आणि ४९७ दिवसांनी शून्यावर येतो, स्विच जागचा हललेला नसतानाही. एसएनएमपीचा (स्विचवर लक्ष ठेवायच्या प्रोटोकॉलचा) इंजिन टाइम सेकंदांत मोजतो, तो वापरा. सगळं लावून झालं की मेंटेनन्सच्या वेळेत एका कोअरची एक पॉवर केबल काढून बघा, फोन वाजतो का.