स्कूबा हार्नेस: शिसं लावायचं कुठे आणि वेळ आली तर सोडायचं कसं? सल्ला हवा

मुलुंडचा_मासा
मंडळी, इथे पोहण्याचे धागे ढिगाने आहेत, पण पाण्याखाली जाणाऱ्यांचा एकही सापडला नाही. म्हणून नवा काढतोय.

मागच्या दिवाळीत ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) झालं. त्यानंतर मालवण दोनदा, नेत्राणी (कर्नाटकातलं बेट) एकदा, एकूण अकरा डाइव्ह. आतापर्यंत सगळं भाड्याच्या जॅकेटवर (सिलिंडर अडकवायचं, हवा भरता येणारं जाकीट). जॅकेटला दोन बाजूंना खिसे असतात, तिथली पोरं त्यात बुडायला लागणारं शिसं भरून देतात, आपण मान डोलवायची आणि उडी मारायची. आता ओळखीतून एक सेकंडहँड सेट घेतला: स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरची पाटी), अखंड पट्ट्याचा हार्नेस, मागे विंग (हवा भरायची पिशवी). घरी आणून बघतो तर खिसे कुठेच नाहीत.

म्हणून साधा वेट बेल्ट आणला. हॉलमध्ये आधी बेल्ट बांधला, वर हार्नेस चढवला, क्रॉच स्ट्रॅप पायांमधून पुढे घेऊन अडकवला आणि बेल्टचं बक्कल उघडलं. सहा किलो शिसं खाली पडायच्या ऐवजी क्रॉच स्ट्रॅपवर येऊन गुडघ्यांच्या जरा वर लोंबकळत राहिलं. आई सोफ्यावरून म्हणाली, "गावी ओढाळ गुराला लोढणं बांधतात, तसा दिसतोयस."

वजन ८४ किलो, ३ मिमी सूट, सिलिंडर नेहमीचा अॅल्युमिनियमचा ११ लिटरचा. जॅकेटमध्ये सहा किलो लागायचे. हे सहा किलो आता कुठे लावू? आणि घाईच्या वेळी एका हाताने सुटतील अशी सोय काय? आगाऊ धन्यवाद.

शिवडीचा_रोहित
अकरा डाइव्हमध्ये स्वतःचा सेट! आमचं अजून भाड्याचंच चाललंय. वाचतोय.

पाणकावळा
आईंना नमस्कार सांगा, निदान अचूक आहे.

पहिलं म्हणजे, ते सहा किलो विसरा. तो आकडा जॅकेटचा होता. जॅकेटमध्ये फोम आणि कापडाचे थर असतात, ते स्वतःच किलोभर तरंगतात, म्हणजे त्यातलं एक किलो शिसं जॅकेटलाच बुडवायला जात होतं. तुमची स्टीलची प्लेट घरच्या काट्यावर ठेवून बघा. साधारण अडीच-पावणेतीन किलो भरेल आणि पाण्यात त्यातले सव्वादोन-अडीच किलो कामी येतील. म्हणजे शिसं उरलं अडीच-तीन किलो. नक्की आकडा पाण्यातच कळेल, पण सहा नक्की नाही. सहा लावून गेलात तर प्रत्येक मीटरला विंगमध्ये हवा भरत-सोडत बसाल.

दुसरं. वजन ठरवायचं ते डाइव्हच्या शेवटासाठी, सुरुवातीसाठी नव्हे. सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असतं. ११ लिटरमध्ये २०० बार (बार म्हणजे दाबाचं माप) म्हणजे सव्वादोन हजार लिटर हवा, तिचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास. ५० बारवर येईपर्यंत त्यातली दोन किलो तुम्ही श्वासावाटे उडवलेली असते. अॅल्युमिनियमचा सिलिंडर तेव्हा चक्क वर ओढायला लागतो. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं आणि नेमकं तिथेच नवखी मंडळी बुचासारखी वर जातात. म्हणून चाचणी ५० बारवर करा: विंग पूर्ण रिकामी, नेहमीसारखा श्वास भरून रोखला की पाण्याची रेघ डोळ्यांच्या पातळीला यावी, सोडला की सावकाश खाली जायला हवं. भरलेल्या सिलिंडरवरच चाचणी करावी लागली तर वर दोन किलो धरा.

तिसरं, बेल्ट. तो हार्नेसच्या नंतर बांधायचा, क्रॉच स्ट्रॅपच्या बाहेरून. तुम्ही उलटं केलंत म्हणून लोढणं झालं. बक्कल उजव्या हाताने उघडेल असंच लावा. बडीलाही (जोडीदार डायव्हरला) तशीच सवय असते, तो अंधारातसुद्धा तिथेच चाचपतो.

नेत्राणी_रिटर्न
पाणकावळा यांच्याशी ९० टक्के सहमत, पण बेल्ट मला पटत नाही. माझ्या कमरेला कंबर नावाची गोष्टच नाही, सरळ पाइप आहे. खोल गेलं की सूट दबतो, बेल्ट ढिला होतो आणि गोल फिरून बक्कल पाठीमागे जातं. मग एका हाताने काय, दोन हातांनीही सापडत नाही. मी हार्नेसच्या कमरपट्ट्यावर सरकवायचे खिसे घेतले, आत काढता येणारी पिशवी आणि ओढायला मूठ.

पण खिसा घेताना वेल्क्रोवाला घेऊ नका, क्लिपवाला घ्या. स्वानुभव सांगतो. होडीवरून पाय लांब टाकून उडी मारली आणि डावी पिशवी पाण्याच्या झटक्याने निघून थेट तळाला. वेल्क्रोत वाळू बसून तो कधीच मेला होता. एका बाजूला दोन किलो, दुसरीकडे शून्य. शाळेत एकाच खांद्यावर दप्तर घेऊन चालायचो तसा तिरपा पोहत होतो आणि वर जायची ओढ वेगळीच. नांगराचा दोर धरून बसलो म्हणून निभावलं. खिसे भाड्याचे होते, उडीआधी मूठ ओढून बघायची एवढंच माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

मुलुंडचा_मासा
बाप रे. म्हणजे सुटत नाही ही एक भीती आणि नको तेव्हा सुटतं ही दुसरी. मग सगळं वजन प्लेटलाच कायमचं ठोकून टाकलं तर? नेटवर बरेच जण तसं करतात.

पाणकावळा
करतात, पण हिशोब करून. तुमच्या सेटचा करू.

समजा २० मीटरवर विंग फाटली. डाइव्हची सुरुवात आहे, सिलिंडर जवळपास भरलेला. तुम्ही किती जड असाल? न वापरलेली हवा दोन-अडीच किलो, अधिक दाबामुळे सूटने गमावलेली तरंग. ३ मिमीला ती किलोभर धरा. एकूण तीन-साडेतीन. चांगले फिन्स असतील तर धडधाकट माणूस एवढं ओढून वर येतो. दमेल, पण येईल. म्हणजे आपल्या कोमट पाण्यात खाली असताना शिसं टाकायची वेळ जवळजवळ येतच नाही. जाड सूटवाल्यांचा हिशोब वेगळा.

उलट खाली सगळं शिसं एकदम टाकलं तर बाण सुटल्यासारखे वर जाल. आपण मिनिटाला ९ मीटरच्या आत वर यायचं शिकलोय. १० मीटरवर रोखलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट फुगतो आणि फुप्फुस फुगा नाही. तो अगदी शेवटचा उपाय.

शिसं टाकायचं ते वर आल्यावर. दमलाय, लाटा आहेत, विंगमध्ये हवा राहत नाहीये, होडी लांब आहे. तेव्हा दोन किलो सोडले की डोकं पाण्याबाहेर राहतं. बुडणारी माणसं बऱ्याचदा बेल्ट बांधलेल्या अवस्थेतच सापडतात, ही जुनी रड आहे. म्हणून सगळं ठोकू नका. दोन किलो सुटणारं ठेवा, उरलेलं अर्धा-एक किलो सिलिंडरच्या वरच्या कॅम बँडवर (सिलिंडर प्लेटला आवळणारा पट्टा) छोट्या खिशात. शिसं फुप्फुसांच्या जवळ आलं की पाय खाली लोंबत नाहीत, शरीर आडवं राहतं. कॅम बँड मात्र आधी ओला करून मग आवळा. कोरडा आवळला तर पाण्यात ढिला होतो आणि सिलिंडर घसरतो.

करिअप्पा_नव्हे_करंजा
बाळबोध प्रश्न. शिसं इतकं महाग का विकतात? कोळी लोक जाळ्याला शिशाचे मणी लावतातच की. भंगारातून आणून घरी वितळवून साच्यात ओतलं तर? शिसं ३२७ अंशांना वितळतं, गॅसवर सहज होईल.

नेत्राणी_रिटर्न
होईल हो, पण नको. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. बॅटरीचं भंगार तर त्याहून घातक. आणि ज्या गॅसवर वरण शिजतं त्यावर शिसं? घरचे तुम्हालाच वितळवतील. चार तुकडे विकत घ्या, जन्मभर पुरतात. शक्यतो प्लास्टिकचं आवरण असलेले घ्या. उघड्या शिशाला हात लावून वडापाव खायचा नाही, हे आमच्या इन्स्ट्रक्टरचं पहिलं वाक्य होतं. अंदमानला विमानाने जाताना तर शिसं नेऊच नका, तिथे भाड्यात मिळतं, उगाच सामानाचं वजन भरताय.

मुलुंडचा_मासा
रविवारी पोहण्याच्या तलावावर ट्रायल झाली. प्लेट काट्यावर २.६ किलो. सिलिंडर ५० बारला आणून तीन किलो शिशाने सुरुवात केली तर दगडासारखा खाली. दोन, तरी खाली. शेवटी अर्ध्या किलोवर बरोबर डोळ्यांशी रेघ आली! मग मालवणलाही तेवढंच लावू ना?

पाणकावळा
नाही नाही, थांबा! तलावाचं पाणी गोडं. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, म्हणजे ते तुम्हाला तेवढं जास्त उचलणार. तुम्ही अधिक सगळा सेट मिळून १०५ किलोच्या आसपास, त्याचे अडीच टक्के म्हणजे अडीच किलोच्या थोडं वर. अर्धा अधिक अडीच, तीन. फिरून आधीच्याच आकड्यावर आलात.

आणि तलावात होतातच तर सुटण्याचा सराव केलात का? डोळे मिटून, ग्लोव्ह घालून. मूठ किंवा बक्कल धरा, उघडा, हात शरीरापासून लांब न्या, मग सोडा. नुसतं उघडून सोडलं की बेल्ट चाकूत, होजमध्ये (हवेच्या नळीत), कशातही अडकतो. तलावाची फरशी फुटू नये म्हणून खाली जाड रबरी मॅट घाला, नाहीतर पुढच्या रविवारी आत घेणार नाहीत.

मुलुंडचा_मासा
सराव राहिला होता, बुधवारी उरकला. पाचपैकी तीनदा जमलं. दोनदा बेल्ट चाकूच्या म्यानात अडकला, म्हणून चाकू पायावरून काढून खांद्याच्या पट्ट्यावर घेतला.

शिवडीचा_रोहित
एक राहिलं. होडीजवळ पाण्यातच हार्नेस काढता ना? वजन बेल्टवर असेल तर हार्नेस काढल्यावर तो तरंगतो आणि तुम्ही खाली जाता. वजन हार्नेसवर असेल तर उलटं, हार्नेस बुडतो. काहीही असो, आधी शिसं होडीवाल्याच्या हातात द्या, मग हार्नेस.

मुलुंडचा_मासा
मालवणहून कालच परतलो. दोन किलो बेल्टवर, एक किलो वरच्या बँडवर. ५ मीटरला ५५ बार असताना तीन मिनिटं जागच्या जागी उभा, म्हणजे आडवा. विंगमध्ये हवा जवळपास नव्हतीच. वर आल्यावर बक्कल उघडून बेल्ट होडीतल्या काकांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर जोखला आणि म्हणाले, "एवढाच? मघाशी तुमच्यापेक्षा बारीक पोराला आठ लावलेत."

त्या पोराला या धाग्याची लिंक पाठवलीय.