मदत हवी आहे: सेंट लुईसमधल्या जुन्या इमारती, आईबाबांसोबत

आईबाबा पुढच्या महिन्यात येतायत, बाबा रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर त्यामुळे त्यांना मॉलबिल काही नको, मिसिसिपीवरचा १८७४ चा ईड्स ब्रिज बघायचाच आहे, स्टीलचा इतका मोठा पूल तेव्हा कुणी बांधला नव्हता आणि आजही त्याच्या खालच्या डेकवरून मेट्रो धावते! आईचे गुडघे दुखतात, तर वरून चालत जाणं तिला झेपेल का? आणि ६३० फुटी गेटवे आर्चच्या (नदीकाठची ती उंच कमान) वर नेणाऱ्या त्या पाच सीटच्या छोट्या डब्यात वाकून बसावं लागतं, कुणी वयस्कर माणसांना नेलंय का? ड्रेड स्कॉट या गुलामाचा स्वातंत्र्यासाठीचा खटला चालला ते ओल्ड कोर्टहाऊस मला त्यांना नक्की दाखवायचंय, माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. आर्किटेक्ट लुई सलिवनची १८९१ ची वेनराइट बिल्डिंग (सुरुवातीच्या गगनचुंबी इमारतींपैकी एक) आणि युनियन स्टेशन (जुनं रेल्वे स्टेशन) त्याच दिवशी जमेल का, की दोन दिवस ठेवू? प्लीज सांगा