कार्व्हिंगची फळी की कोरीवकामाची फळी?

शब्दवेडी_बडोदे
एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. विषय असा की स्नोबोर्ड किंवा स्केटबोर्डवर कार्व्हिंग करायचं असेल तर सामान कसं निवडावं. भाचा चार वर्षं स्केटबोर्ड चालवतोय, गेल्या जानेवारीत गुलमर्गला जाऊन बर्फावरही थोडं शिकून आला. त्याच्याकडून एकेक गोष्ट समजून घेत लेख पुरा केला. काल संपादकांकडून दुरुस्त प्रत आली. जिथे जिथे ‘कार्व्हिंग’ होतं तिथे ‘कोरीवकाम’ झालंय. ‘कोरीवकामासाठी फळी निवडताना तिची लवचिकता पाहावी.’ सासूबाईंनी हे वाक्य वाचलं आणि विचारलं, ‘संखेड्याच्या लाकडी पाटांवर लिहिते आहेस का?’

‘कार्व्हिंग’च हवं असा माझा हट्ट नाही. पण कोरीवकाम म्हटलं की मांडवीतल्या जुन्या वाड्यांच्या चौकटी डोळ्यांपुढे येतात. उतारावर डाव्या-उजव्या अंगाला कलत, फळी जराही घसरू न देता घेतलेली लांब वळणं येत नाहीत. ‘वळणे’ पुरत नाही, कारण साधं वळणं आणि हे यांतला फरक हाच लेखाचा विषय आहे. ‘नागमोडी’ रस्ता असतो, क्रिया नसते. ‘एज’ (फळीची कड), ‘साइडकट’ (त्या कडेची आत वळलेली कमान), ‘बुशिंग’ (स्केटबोर्डच्या ट्रकमधली रबरासारखी कडी) हेही अडलेत. अंक छपाईला जायला दहा दिवस आहेत. सुचवा.

मल्हारगंज
कोरीवकाम चुकलंच. ते नाम आहे, आणि तयार वस्तूवर दिसणारं काम असा त्याचा अर्थ रूढ आहे. पण म्हणून ‘कोरणे’ या क्रियापदाला का सोडायचं? ‘बर्फावर वळण कोरणे’, ‘कोरीव वळण’. वाचकाला चार ओळींत सवय होते. इंदुरात आमच्या लहानपणी वडीलधारी माणसं नव्या वस्तूला आधी मराठी शब्द शोधत, नाही मिळाला तर मग उसना घेत. आता आपण उसन्यापासूनच सुरुवात करतो.

चार_चाकं
ताई, तुमचा भाचा बर्फावर कोरत असेल, रस्त्यावर आम्ही कोणीच काही कोरत नाही. मी बडोद्यातच अकोट्याला राहतो, पहाटे सोसायटीच्या उतारावर चालवतो. डांबरावर एक ओरखडासुद्धा उठत नाही. होतं काय, की फळीवर एका बाजूला वजन टाकलं की खालचा ट्रक, म्हणजे चाकं फळीला जोडणारा धातूचा सांगाडा, कलतो, त्याचा आस तिरका होतो, पुढची चाकं त्या बाजूला वळतात आणि मागची उलट बाजूला. कापणं नाहीच त्यात, कलणं आहे. हा शब्द पाण्यातल्या सर्फिंगकडून आमच्याकडे आला. तिथे फळीची कड लाटेत खरंच रुतते.

म्हणून दोन्हींचं सामानही अगदी वेगळं. आमच्याकडे मऊ आणि मोठी चाकं लागतात, ७० मिलिमीटरच्या आसपास, ७८ए-८०ए कडकपणाची. गल्लीत उड्या मारणारे ५२-५४ मिलिमीटरची ९९ए किंवा त्याहून कडक चाकं लावतात, ती खडीच्या रस्त्यावर दात वाजवतात. किंगपिन (ट्रकचा मधला बोल्ट) उलट बाजूला असलेला ट्रक, म्हणजे वळण सलग येतं. आणि बुशिंग माणसाच्या वजनाप्रमाणे, हलक्याला मऊ, जडाला कडक. इतकं जरी लेखात नीट आलं तरी वाचकाचे पैसे वाचतील. चाक मोठं घेतलं तर ट्रक आणि फळीच्या मध्ये रायझर, म्हणजे उंची वाढवणारी पट्टी, टाकायला सांगा, नाहीतर जोरात कललं की चाक फळीला घासून अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो. माझं मनगट तसंच मोडलं होतं.

आम्ही आपसात ‘कार्व्ह मारतो’ म्हणतो.

मल्हारगंज
‘मारतो’! फोन मारतो, गाडी मारतो, आता कार्व्ह मारतो. एवढ्या एका क्रियापदावर किती दिवस काढणार?

चार_चाकं
काका, शिट्टी मारतो, उडी मारतो, सूर मारतो, गप्पा मारतो, हे तुमच्याच पिढीचं आहे ना? विहिरीत सूर मारणं शुद्ध आणि उतारावर कार्व्ह मारणं अशुद्ध, हे कसं ते मला खरंच समजावून सांगा.

टाकीचे_घाव
मी शिल्पकार. बडोद्याच्या आमच्या विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० साली सुरू झाली आणि शंखो चौधरी हे शिल्प विभागाचे पहिले प्रमुख. मी त्यांच्या पुष्कळ नंतरचा, पण विभागात शब्द तोलून वापरायची सवय होती. कोरणे म्हणजे पदार्थातून नको तो भाग काढून टाकणं. मातीचं काम कोरत नाहीत, घडवतात, कारण तिथे भर घालायची असते. तासणे म्हणजे वरचा थर सपाट करत नेणं. खोदणे म्हणजे खोल जाणं. खोदलेली अक्षरं आणि कोरलेली जाळी यांत हाताची हालचालच वेगळी आहे.

तेव्हा माझा प्रश्न साधा आहे. बर्फातून काही निघून जातं का? की नुसती खाच दाबली जाते? त्यावर शब्द ठरेल.

शब्दवेडी_बडोदे
फार योग्य प्रश्न. भाच्याला विचारून लिहिते. शिकाऊ माणूस वळताना फळी आडवी करतो, ती खरवडत जाते, बर्फाचा फवारा उडतो आणि मागे रुंद पुसट पट्टा राहतो. तिथे बर्फ निघतो. पण खऱ्या कार्व्हिंगमध्ये फळी कडेवर उभी होते, पुढचं टोक ज्या रेषेतून गेलं त्याच रेषेतून मागचं टोक जातं, आणि मागे पेन्सिलीने ओढावी तशी बारीक खाच उरते. म्हणजे तुमच्या व्याख्येने बघितलं तर जिथे बर्फ निघतो ते कार्व्हिंग नव्हेच!

फळी आपोआप वळते ती तिच्या आकारामुळे. मधे कंबर बारीक, दोन्ही टोकं रुंद, थेट डमरू. त्या कमानीला त्रिज्या असते. सपाट बर्फावर दहा मीटर त्रिज्येची फळी साठ अंशांनी कलवली तर वळणाची त्रिज्या पाच मीटरवर येते, कारण जितकं कलावं तितकी ती कोसाइनच्या हिशोबाने आखडते. हे मी गणिताच्या शिक्षिकेकडून ताडून घेतलं. म्हणून ‘साइडकट’ला मी सध्या ‘कमरेची कमान’ लिहिलंय आणि फळीच्या मधल्या रुंदीला नुसतं ‘कंबर’. कंबर बुटाच्या मापाला अरुंद पडली तर कलताना बुटाची चोच बर्फात घासते आणि कड सुटते. मोठ्या पायाच्या माणसाने रुंद कमरेचीच फळी घ्यावी.

रानवाट
इंदूरजवळ शेती आहे. तुम्ही जी बारीक खाच म्हणता तिला आम्ही रोज नाव घेतो. तास. नांगराचं तास. पुढच्या बैलाचा पाय आणि मागून येणारा फाळ एका रेषेत राहिला तर तास सरळ पडतं. टोकाला वळताना चांगला नांगऱ्या फाळ उचलत नाही, कलवतो. आजोबा तासाकडे बघून नांगर कोणी धरला होता ते सांगत. बर्फावरच्या रेषेला याहून नेमका शब्द मिळणार नाही. ‘तास धरणे’, ‘तास न मोडता वळणे’.

टाकीचे_घाव
सुंदर. आणि तासणे त्याच्या शेजारीच उभं आहे.

मल्हारगंज
वाचकाला तास म्हणजे साठ मिनिटं वाटतील. ‘एक तास धरून वळला.’

रानवाट
शहरातल्या वाचकाला वाटतील. त्यासाठी शेतातला शब्द बाद करायचा का? इंग्रजी शब्द शिकायला वाचक तयार असतो, मराठी शब्दाचा दुसरा अर्थ शिकायला नसतो, हे मला पटत नाही.

कोजागरी
दोन पैसे माझे. इंग्रजी ‘कार्व्ह’ आणि ‘ग्राफ’ ज्या ग्रीक क्रियापदातून आला ते, ही दोन्ही एकाच मुळातली, आणि मूळ अर्थ ओरखडणं. तोच प्रवास संस्कृतात ‘लिख्’चा झाला. आधी ओरखडणं, मग लिहिणं. म्हणजे तिकडचा ओरखडा कोरण्याकडे गेला, इकडचा लिहिण्याकडे. बर्फावर पेन्सिलीसारखी रेष उमटते असं शब्दवेडी म्हणाल्याच आहेत. मग ‘रेखणे’ का नको? ‘वळण रेखणे’. हस्ताक्षरालाही आपण वळणच म्हणतो. ‘अक्षराला वळण आहे.’ बालबोध वळण, मोडी वळण. मोडीत तर हात उचलायचाच नसतो, म्हणजे कार्व्हिंगच झालं ते.

चार_चाकं
हे ‘हात न उचलता’ फार आवडलं. मी मोडी शिकलो नाही पण वळणं जोडत जाणं अगदी असंच असतं. एक संपायच्या आत दुसरं सुरू झालेलं असतं.

जीवाजीगंज
ग्वाल्हेरहून. इतके शब्द आले आणि ‘कोर’ कोणी घेतला नाही? चंद्राची कोर. भाकरीची कोर. लुगड्याची कोर, म्हणजे किनार. एकाच शब्दात कड आणि कमान दोन्ही आहेत! फळी कोरेवर उभी राहते आणि मागे चंद्रकोर सोडते. ‘एज’ला कोर, वळणाला कोर, आणि करण्याला ‘कोर काढणे’. लहान मुली कपाळावर कुंकवाची कोर काढतात तशी. यात परकं काही नाही आणि जुनाट काही नाही.

मल्हारगंज
मनापासून मान्य. आणि बघा, ‘कोरणे’ इथूनच निघालं असणार. म्हणजे माझं पहिलं म्हणणं बरोबर होतं.

कोजागरी
थांबा. आवाज जुळला म्हणून मूळ जुळत नाही. ‘कोरा’ कागद पण मग त्यातच घालाल. कोर चांगला शब्द आहे तो त्याच्या अर्थामुळे, नात्यामुळे नव्हे.

टाकीचे_घाव
बडोद्यात राहून एक सांगितलं पाहिजे. गुजरातीत कोरीवकामाला कोतरकाम म्हणतात, आणि नदीकाठच्या घळींना कोतर. महीची कोतरं, विश्वामित्रीची कोतरं. पाणी वळत वळत माती कापत जातं त्याला एक शब्द, आणि छिन्नीच्या कामाला तोच. आमच्या घरी आई सर्रास ‘कोतरणे’ म्हणायची. पुण्याच्या मामांनी एकदा सर्वांदेखत तिची चूक काढली आणि नंतर ती त्यांच्यासमोर तो शब्द बोलली नाही. मला तो शब्द परत हवा आहे. नदीसारखं वळत जाणं आणि कापत जाणं एकत्र सांगणारा दुसरा कुठला आहे?

जीवाजीगंज
काका, हे वाचून गलबललं. आमच्याकडेही तेच. ‘तुमची मराठी हिंदीत बुडालेली’ हे ऐकतच लग्न होऊन पुण्याला गेलेल्या मुली घाबरून बोलेनाशा होतात. दोनशे वर्षं इथे राहून बोलतोय ती मराठी नव्हे तर काय?

मल्हारगंज
मी स्वतः इंदूरचा आहे. बाहेरच्या मराठीला कमी लेखणं मलाही मान्य नाही. पण जवळचा शब्द असताना शेजारचा घ्यायचा, ही सवय आपल्यालाच महागात पडते. आमची नातवंडं ‘मी जाऊन राहिलोय’ म्हणतात. कुठेतरी बांध हवा.

कोजागरी
बडोद्याचंच उदाहरण घ्या. १९३१चा सयाजीशासनशब्दकल्पतरू. राज्यकारभाराच्या शब्दांसाठी इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली, अशा आठ भाषा शेजारी शेजारी मांडल्या. मराठी राजाने मराठी शब्दासाठी दार लावून घेतलं नाही. कोतरणे त्या दारातून सहज आत येतं.

मल्हारगंज
तो कारभाराचा कोश होता. तिथे रयतेला कळणं महत्त्वाचं होतं.

चार_चाकं
इथेही कळणंच महत्त्वाचं आहे काका. चौदा वर्षांचा मुलगा दुकानात जाऊन ‘कोर काढायची फळी द्या’ म्हणाला तर दुकानदार काय देईल? चुकीचे ट्रक घेऊन आला तर पडणार तो आहे.

शब्दवेडी_बडोदे
हे अगदी माझ्या मनातलं. म्हणून दोन्ही ठेवायचा विचार आहे. सामानाच्या नावांना दुकानातला शब्द, आणि क्रियेचं वर्णन करताना आपला. बर्फासाठी ‘कोरेवर वळणे’ आणि रेषेला ‘तास’, रस्त्यासाठी ‘कलत वळणे’. पण ‘बुशिंग’चं काय करू? आणि एक जोडायचं राहिलं, गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फात कड रुतायला काही सापडतच नाही, तिथे रुंद आणि पुढून उचललेली फळी लागते. कार्व्हिंगला दाबून घट्ट केलेला उतार हवा. घट्ट बूट आणि ताठ फळी पहिल्याच वर्षी घेऊ नये हेही लिहायचंय. ‘भुसभुशीत’ चालेल की ‘भुरभुरीत’?

रानवाट
बुशिंगला गॅरेजवाले ‘बुश’ म्हणतात. ट्रॅक्टरलाही तेच. तोच लिहा.

टाकीचे_घाव
संखेड्याचा विषय सुरुवातीला निघाला होता, तो सुटू नये. ते कोरीव नसतं, कातीव असतं. लाकूड फिरतं आणि हत्यार स्थिर राहतं. गुजरातीत त्या यंत्राला संघाडो म्हणतात आणि गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं तिथले खरादी सांगतात. शब्दवेडींच्या सासूबाईंना सांगा, पाट कातलेला नसतो, पाय कातलेले असतात.

शब्दवेडी_बडोदे
सांगितलं. त्या म्हणतात, त्यांच्या माहेरी कातणे फक्त सुताचं, लाकडाचं ते ‘खरादणे’. आणि भाकरीची कोर कधी म्हणत नसत, ‘काठ’ म्हणत.

जीवाजीगंज
काठ नदीचा! भाकरीची कोरच. आजी तव्यावरून भाकरी उतरवली की कोर मोडून आधी गाईला ठेवायची. तुमच्या सासूबाईंचं माहेर कुठलं?