दहावीच्या नोट्स : भिंगाचं गणित कसं लिहून ठेवावं?

आम्ही रावेर तालुक्यातले. केळीची कापणी सुरू आहे, म्हणून पोरीच्या अभ्यासाकडे रात्रीच बघणं होतं. चार वह्या भरल्यात तिनं, सगळं गाइडमधून उतरवलेलं. परवा भिंगाचं गणित दिलं तर वस्तूचं अंतर धन धरून बसली. रडली बिचारी. वह्या भरूनही डोक्यात का उतरत नाही? मी स्वतः बारावीपर्यंतच शिकले, सांगा कुणी.

चोपड्याहून, विज्ञान शिकवतो
ताई, वह्या राहू द्या. एका धड्याला एकच पान, तेही पुस्तक मिटून लिहायचं. अडेल तिथे पुस्तक उघडायचं आणि तेवढंच लाल पेनानं लिहायचं. परीक्षेआधी फक्त लाल वाचायचं.
भिंगाच्या पानावर आधी आकृती. प्रकाश डावीकडून येतो, अंतरं भिंगाच्या मध्यापासून मोजायची. वस्तू डावीकडे, म्हणून तिचं अंतर ऋण. बहिर्गोलाचं (मध्ये जाड) नाभीय अंतर, म्हणजे भिंगाच्या मध्यापासून नाभीपर्यंतचं अंतर, धन; अंतर्गोलाचं (मध्ये पातळ) ऋण. मग एकच उदाहरण पक्कं: बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. प्रतिमा ६० सेमीवर, उलटी, दुप्पट. भिंगाची शक्ती (१ भागिले नाभीय अंतर) काढताना २० सेमीचे ०.२ मीटर करायचे, ५ डायऑप्टर येतं; डायऑप्टर हे शक्तीचं एकक. मीटर करायलाच पोरं विसरतात.

धुळे, गेल्या वर्षी दहावी झाली
भूगोलाला मी भारत-ब्राझील असे दोन रकाने केले होते. आपल्याकडे डिसेंबरात थंडी, तिकडे बहुतेक भागात उन्हाळा.

रावेरची आई
सर, काल लाल पेन दिलं. पहिलं पान जवळजवळ सगळं लालच झालं, पण या वेळी रडली नाही. गोलीय आरशाचंही असंच करायचं का?