सुट्टीत नववीतल्या मुलासाठी: 'शाळा' आधी की लंपन?

प्रश्न: भा. रा. भागवतांचा धाडसी फास्टर फेणे वाचून संपलाय. मे महिन्यात आता मोठं काहीतरी हवंय. 'शाळा' चालेल का? की प्रकाश नारायण संतांचा लंपन, म्हणजे त्या शाळकरी मुलाच्या कथा, आधी द्याव्यात?

वाचनखुंटी: आधी 'शाळा'. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गावर आहे, म्हणजे वय नेमकं जुळतं. निवेदन त्याच वर्गातल्या जोशीचं, मुलांच्या तोंडच्या भाषेत, त्यामुळे वाचायला अडत नाही. वर्गातली शिवराळ भाषा आणि पोरींविषयीचं बोलणं मात्र आहे तसंच आहे, तेव्हा आधी स्वतः चाळून घ्या. आणीबाणी म्हणजे काय (१९७५ ते ७७) हे दोन वाक्यांत सांगून ठेवा. नाहीतर मोठ्यांमधली कुजबुज डोक्यावरून जाते.

कानडीकाठ: लंपन कथांमध्ये आहे, कादंबरीत नाही. क्रम पाळा: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. मधूनच 'झुंबर' उचललं तर मजा जाते, कारण लंपन पुस्तकागणिक मोठा होत जातो. मुलं अडतात ती बेळगावकडच्या कानडीमिश्रित बोलीवर. पहिली कथा मोठ्याने वाचून दाखवा. एकदा लंपनच्या तोंडच्या 'मॅडसारखा'ची लय कानात बसली की पुढचं आपोआप सुटतं. दिवसाला एकच कथा. सलग वाचल्या तर एकसुरी वाटतील.

प्रश्नकर्ता: म्हणजे फेणेची धावपळ लंपनमध्ये नाही?

कानडीकाठ: अजिबात नाही. फेणेच्या 'ट्टॉक'ची वाट बघणारा कंटाळेल. म्हणून मधे 'शाळा' हवीच.