एमाचं स्वप्न मराठीत आणताना कोणता काळ वापरावा?

कोराकागद:
फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' या फ्रेंच कादंबरीच्या (१८५७) दुसऱ्या भागातलं बारावं प्रकरण मराठीत करायचं आहे. एकाच खोलीत एमाचा नवरा शार्ल पाळण्यातल्या मुलीचं भविष्य रंगवतो आणि शेजारी पडलेली एमा प्रियकराबरोबर दूर निघून गेल्याचं स्वप्न बघते. दोन्हीकडे 'असेल, जाईल' लिहिलं की दोघं एकाच सुरात बोलल्यासारखी वाटतात. काय चुकतंय?

रेघोटी:
क्रियापदं चुकतायत. शार्लचा उतारा फ्रेंचमध्ये संकेतार्थी आहे, म्हणजे पुढे काय होईल ते सांगणाऱ्या रूपात, आणि त्यात हिशोब आहे: शाळेचा खर्च, त्यासाठी जवळपास एखादं लहान शेत भाड्यानं घेणं. तिथे 'होईल, लागेल' चपखल बसतं. एमा मात्र केव्हाच निघालेली आहे. चार घोडे भरधाव, प्रवासाला आठ दिवस झालेले, सगळं अपूर्ण भूतकाळात. 'गाडी धावत होती' असंच ठेवा. 'धावेल' केलंत की तिची ओढ नवऱ्याच्या बेतासारखी होते.

वाचक गोंधळू नये म्हणून आधीचं वाक्य जपून उतरवा: तो पेंगू लागे तशी ती दुसऱ्याच स्वप्नांत जागी होई. एवढी खूण पुरे. पुढे दर वाक्याला 'तिला वाटलं' जोडू नका.

शब्दवेध:
एक दुरुस्ती. भूतकाळ फक्त कोळ्यांच्या गावात पोचेपर्यंत आहे. तिथलं सपाट छपराचं बैठं घर, गोंडोलातली सैर, झोळीतले झोके हे सगळं पुन्हा संकेतार्थात येतं. म्हणजे तिथून 'राहतील, फिरतील'. हा सांधा बुजवू नका.

शिवाय त्या स्वप्नात प्रियकराचं, रोदोल्फचं, नावच नाही. फक्त 'ते दोघं', बाहूंत बाहू गुंफून, न बोलता. सोयीसाठी नाव घातलं तर उतारा बिघडतो. घुमट, पूल, जहाजं, लिंबांची रानं ही अनेकवचनंही तशीच हवीत, कारण या भविष्यात वेगळं असं काहीच उठून दिसत नाही, दिवस लाटांसारखे एकसारखे, हे फ्लोबेर पुढे स्वतःच सांगतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणात हेच वाक्य सर्वांत निर्दय आहे.

पानगळ:
शेवटाकडेही बघा. पाळण्यातलं मूल खोकतं किंवा नवरा जोरात घोरतो आणि स्वप्न तुटतं. 'खोकलं', 'घोरला' असं लिहिलंत तर ती एकाच रात्रीची गोष्ट होते. मुळात हे रात्रीमागून रात्री चालतं. उताऱ्याची सुरुवातही 'मध्यरात्री तो घरी येई तेव्हा' अशीच आहे. म्हणून रीतिभूतकाळ: 'खोकू लागे', 'घोरू लागे'. आणि त्या वाक्यात तो 'शार्ल' नाही, 'बोव्हारी' आहे. आडनावच राहू द्या.